रिकामा ठेवलेला रकाना

सन २०२४. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. गुडघे बोलायला लागले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण हात थरथरत नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो. टूलरूममध्ये अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला हाताचं मोल विचारा.

मी चौथी पास. सातारा जिल्ह्यातल्या गावातून एकोणिसाव्या वर्षी फरीदाबादला आलो, कारखान्यात लागलो आणि इथलाच झालो. प्रेसवर पत्रा दाबून भाग काढतात, त्याचे साचे बनवायचं माझं काम. त्यात केसाएवढी चूक चालत नाही. बहुतेक त्यामुळेच माझा स्वभाव असा झाला. मी एकदा म्हणालो की म्हणालो. बायको म्हणायची, तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीला कपाळ लावून बसलेलं बरं, निदान गार तरी लागतं.

नोकरीखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होतं. ते कुणी दिलं नव्हतं, आपोआप आलं. फरीदाबादमध्ये मराठी घरात मयत झालं की मला बोलवायचे. भाऊबंद सगळे गावाकडे, गाडीने यायला दीड दिवस. शेजारी इथले, भले लोक, पण ते त्यांच्या रीतीने तिरडी, ते अर्थी म्हणतात, बांधणार आणि गाडीत घालून सरळ नेणार. घरातलं म्हातारं माणूस म्हणायचं, आपल्या पद्धतीने जाऊ दे हो. मग मी जायचो. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुंभाच्या गाठी, मडकं. वाटेत विसावा. त्याची जागासुद्धा माझी ठरलेली होती, नहरच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाअलीकडे एक पिंपळ आहे, त्याच्याखाली. तिथे तिरडी खाली ठेवायची, पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, मग उचलायची. मे महिन्याच्या उन्हातही मी विसावा चुकवला नाही. पाठीमागून लोक कुरकुरायचे, मी ऐकून घ्यायचो नाही.

त्यासाठी माझी एक वही होती, रेक्झिनच्या कव्हरची. दर घराला एक पान. घरात कोण कोण, खांदा देणारे किती, मजला कितवा. एका पानावर मी लिहिलेलं आहे, ‘जिना वळतो, तिरडी उभी धरावी लागेल.’ आणि प्रत्येक पानावर सगळ्यात वर, लाल शाईने, जवळचा माणूस. पहिला निरोप त्याला, मग बाकीच्यांना. हा क्रम मी कुणाला मोडू दिला नाही. रक्ताच्या माणसाला आधी कळायला हवं. आधी दुनियेला कळलं आणि मुलाला मागून, असं झालेलं मी एकदा पाहिलं होतं, त्या मुलाचा चेहरा मला पुसता आला नाही.

माझी मुलगी मोबाइलची ॲपं बनवते. ऑफिस गुडगावला, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. त्या वर्षी होळीच्या सुमाराला मी एका मयताचे निरोप देत बसलो होतो. चष्मा कपाळावर, वही मांडीवर, एकेक नंबर फिरवत. चाळीस घरं व्हायला दोन तास लागले. ती बघत होती.

म्हणाली, "बाबा, एक बटन दाबलं की सगळ्यांना कळेल असं करून देते. बिल्कुल तुमच्या वहीसारखं."

मी म्हणालो, "माझी वही कधी बंद पडली नाही."

"वही नाही पडली. तुम्ही पडाल तेव्हा?"

अशी बोलते. माझीच मुलगी आहे.

मग रोज संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि मी शेजारी, शेंगा सोलत नाहीतर नुसताच. मला वाटलं होतं काही कळणार नाही. पण काम कसलंही असो, करणारा मन लावून करत असला की बघणाऱ्याला थोडंफार कळतंच. ती ज्या भाषेत लिहीत होती तिचं नाव कॉटलिन. रशियाकडच्या एका बेटाचं नाव आहे म्हणे. मी विचारलं, "आधीची भाषा काय वाईट होती?"

"वाईट नाही हो. पण जिथे चाळीस ओळी लागायच्या तिथे आता पाच-सहा पुरतात. आणि जुनं लिहिलेलं फेकावं नाही लागत, दोन्ही एकत्र चालतात."

म्हणजे जुन्या लेथवर काम पकडायचा नवा चक बसवावा तसं. हे मला पटलं.

मला सगळ्यात आवडलं ते दुसरंच. तिने सांगितलं की प्रोग्रॅममध्ये कप्पे असतात, कशात नाव, कशात नंबर. कधी एखादा कप्पा रिकामा असतो. जुनी भाषा तोंडातून शब्द काढायची नाही. ॲप लोकांच्या हातात जायचं, कुणी बटन दाबायचं, आत तो रिकामा कप्पा निघायचा आणि ॲप जागच्या जागी बंद. ही नवी भाषा आधीच अडवते. हा कप्पा रिकामा असू शकतो का, ते सांग. असू शकतो म्हणालीस, तर पुढे प्रश्नचिन्ह लाव आणि रिकामा निघाला तर काय करायचं तेही लिही. नाही लिहिलंस तर मी पुढे जाऊ देणार नाही.

मी म्हणालो, "गेज आहे की हे!" आमच्याकडे माल बाहेर जाण्याआधी गेज, म्हणजे मापाचा ठोकळा, लावून बघायचे. बसला तर पास, नाही बसला तर इथेच थांब. गिऱ्हाइकाच्या हातात जाऊन तुटण्यापेक्षा कारखान्यातच तुटलेलं बरं. त्या दिवशी मला वाटलं, ही भाषा ज्याने काढली तो कधीतरी कारखान्यात उभा राहिलेला असणार.

या भाषेत उणिवा पण होत्या. मुलीचा लॅपटॉप जुना, ती एक शब्द बदलायची आणि मग पाच-पाच मिनिटं पंखा भणभणत राहायचा. चहा व्हायचा तेवढ्यात. शिवाय दर थोड्या महिन्यांनी भाषेची नवी आवृत्ती येते आणि काल चाललेलं आज पिवळं, म्हणजे बदलायला हवं असं, दिसायला लागतं. आणि कमी शब्दांत लिहिता येतं म्हणून लोक इतकं कमी लिहितात की दुसऱ्याला वाचता येत नाही. ॲप वापरणार होतं आमचं इथलं मराठी मंडळ, आणि मंडळात दुसरं कुणी हिच्याइतकं जाणणारं नव्हतं, म्हणजे ही गेली बंगलोरला तर दुरुस्ती कोण करणार? हे मी विचारलं तेव्हा ती हसली. "वहीतलं तुमचं अक्षर तरी कुणाला लागतं?"

आता माझ्या मित्राबद्दल लिहायला हवं. त्यासाठीच बसलो आहे.

तो कोल्हापूरकडचा. माझ्याच कारखान्यात प्रेसवर होता. आम्ही दोघं एका खोलीत राहून लग्नाआधीची चार वर्षं काढली, एका स्टोव्हवर. मला तो ‘टूलरूमचे महाराज’ म्हणायचा, रागात असला की नुसतं ‘तिरसट’. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. प्रेसला पुढे जाळी असते, ती खाली आल्याशिवाय मशीन दाबत नाही. त्या जाळीमुळे माल कमी निघतो, म्हणून त्या पाळीत कुणीतरी तारेने जाळी वर बांधून ठेवली होती. त्याला दवाखान्यात नेल्यावर ती तार मी पकडीने तोडली. तीन वेढे होते. मला अजून आठवतात.

त्याची बायको लवकर गेली. मुलगा पुण्याला. बापलेकांचं कशावरून तरी बिनसलं आणि अकरा वर्षं बोलणं नाही. कारण मला दोघांनीही कधी धड सांगितलं नाही. तो एका पंजाबी म्हाताऱ्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. आठवड्यातून दोनदा मी त्याच्याकडे, एकदा तो माझ्याकडे. माझी बायको गेली तेव्हा मला काही सुचत नव्हतं, तिरडीच्या गाठी त्याने बांधल्या. तीन बोटांनी. आणि परत येताना म्हणाला, "माझ्या वेळी तू बांध. दुसऱ्याची गाठ मला चालणार नाही, सैल बांधतात लेकाचे." मी म्हणालो, बांधीन. हा आमचा शब्द झाला होता.

ॲप तयार होत आलं तेव्हा मुलगी एका ओळीवर अडली. बटन दाबलं की पहिला निरोप जवळच्या माणसाला, मग सगळ्यांना, हा माझा क्रम तिने तसाच ठेवला होता. भाषा तिला विचारत होती, जवळचा माणूस हा कप्पा रिकामा असला तर?

ती म्हणाली, "बाबा, इथे लिहिते की कोणी नसेल तर सोडून पुढे जा, बाकीच्यांना कळव."

"सोडून पुढे जा? मयताच्या माणसाला सोडून पुढे जायचं?"

"नसेलच तर, बाबा."

"नसेल कसा? आपल्यात असं होत नाही. प्रत्येकाला कोणी ना कोणी असतंच. तो रकाना भरल्याशिवाय पान पुरं होत नाही माझ्या वहीत."

"ही भाषा मला नाही सोडत तसं."

"मग सांग तिला, बापाने सांगितलंय."

ती हसली नाही. म्हणाली, तशी सोय आहे. शेवटी दोन उद्गारचिन्हं मारली की भाषा गप्प बसते. त्याचा अर्थ, मी खात्री देतेय, रिकामा नाही, विचारू नकोस. पण खरंच रिकामा निघाला तर ॲप तिथेच मरतं, पुढची एक ओळ चालत नाही. "आमच्याकडे हे चांगलं नाही मानत, बाबा. हे म्हणजे जाळी तारेने बांधून ठेवणं आहे. काकांची बोटं आठवतात ना?"

मला राग आला. माझ्याच कारखान्यातली गोष्ट मलाच सांगते. तासभर वाद झाला. मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो, पुन्हा तेच. शेवटी ती थकली. दिवसभर ऑफिसचं काम करून बसलेली पोर. तिने दोन चिन्हं मारली आणि वर एक ओळ मराठीत लिहिली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "ही मशीन वाचत नाही, माणसांसाठी असते." लिहिलं होतं, ‘बाबा म्हणतात, असतंच.’

मग वहीतली पानं एकेक करून मी सांगितली आणि तिने भरली. मित्राचं पान आलं. नाव, पत्ता, मजला. जवळचा माणूस. मी म्हणालो, हे राहू दे, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो खाटेवर बसून कांदा चिरत होता. मी म्हणालो, मुलाचा नंबर दे.

"कशाला?"

"ॲपमध्ये टाकायचाय. जवळचा माणूस."

"जवळचा माणूस?" त्याने सुरी खाली ठेवली. "तूच लिही की. आणखी कोण आहे?"

मी म्हणालो, "मी कसा लिहीन? मुलगा जिवंत असताना मित्राचं नाव टाकतात का? अग्नी मुलाने द्यायचा असतो. नंबर दे."

"नाही देत."

"मग रिकामं राहील."

"राहू दे रिकामं. अरे तिरसटा, पन्नास वर्षं एका ताटात जेवलास, आणि एका ओळीत नाव लिहायला तुझी रीत आडवी येते?"

"रीत ती रीत."

"मग जा, रीत घेऊन बस. इथे येऊ नकोस."

मी आलो उठून. मला वाटत होतं मी त्याच्या भल्याचं करतोय. वाटत होतं, रकाना रिकामा ठेवला की त्याला बोचेल आणि आठवड्याभरात तो मुलाला फोन करील. बापलेकांना जुळवून द्यायची ही माझी युक्ती. आणि खरं सांगायचं तर, मी हरलो हे मला घरी सांगायचं नव्हतं.

मुलीने विचारलं, "सगळं भरलं ना, बाबा? एकही रिकामं नाही ना? नीट सांगा, त्या ओळीमुळे विचारतेय."

मी म्हणालो, "नाही."

एवढाच शब्द. तिने तो धरला. बापाचा शब्द, आणि तोही टूलरूमवाल्या बापाचा. तिने आणखी तपासलं नाही.

मंडळात ॲपचं कौतुक झालं. मुलीला शाल दिली. मी मागच्या खुर्चीत छाती काढून बसलो होतो. मित्र आला होता, लांब बसला. त्याच्या मोबाइलमध्ये मंडळातल्याच कुणीतरी ॲप टाकून दिलं. आमचं बोलणं झालं नाही. तीन आठवडे झालं नाही. जूनचं ऊन होतं, मी म्हणत होतो पाऊस पडला की जाईन. खरं म्हणजे तो आधी येईल म्हणून वाट बघत होतो.

शेवटी मीच गेलो. बाजारात बारीक वांगी दिसली, तो भरली वांगी चांगली करायचा. अर्धा किलो घेतली आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याच्या दाराशी उभा राहिलो. खोलीला कुलूप. खाली घरमालक, तो पंजाबी म्हातारा, व्हरांड्यात बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उठला नाही. नेहमी उठायचा.

म्हणाला, "अब आए हो बाऊजी?"

काल सकाळी तो गेला होता. झोपेतच. सहाला चहासाठी खाली आला नाही म्हणून घरमालक वर गेला. डॉक्टरला आणलं, त्याने नाडी बघून मान हलवली.

"मुझे उन्होंने समझा रखा था," घरमालक म्हणाला. "कहते थे, कुछ हो जाए तो ये लाल वाला दबा देना जी, तुम्हें और कुछ नहीं करना, मेरे सब लोग आ जाएंगे। मैंने दबा दिया। परदा बंद हो गया, मैं समझा हो गया काम। फिर मैंने कुर्सियाँ लगवाईं। पानी रखवाया। एक बजे तक राह देखी बाऊजी। इतनी गर्मी में कितनी देर रखता?"

व्हरांड्याच्या कडेला खुर्च्या अजून होत्या. प्लॅस्टिकच्या, एकात एक घातलेल्या. मी मोजल्या नाहीत.

दीड वाजता त्याने आणि गल्लीतल्या चौघांनी नेलं. गाडीतून. अग्नी घरमालकाने दिला. "और कौन देता," म्हणाला. त्याचा मला राग नाही, त्याने सख्ख्या माणसासारखं केलं. त्याने मला मित्राचा मोबाइल आणि स्मशानाची पावती दिली. वांग्यांची पिशवी माझ्या हातातच होती, ती मी तिथे पायरीवर ठेवली असावी. घरी आली नाही.

मोबाइलमध्ये माझं नाव ‘तिरसट’ म्हणून होतं. मुलाचं नाव होतं. नंबर सगळा वेळ होता त्याच्याकडे. मी तिथेच पायरीवर बसून मुलाला फोन लावला. सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही होतात ना तिथे?"

मी म्हणालो, "नव्हतो."

म्हणाला, येतो, परवापर्यंत पोहोचतो, तोवर अस्थी तुम्ही घ्या.

घरी येऊन मी मुलीला काय झालं ते सांगतोय तोवर मंडळाचे सेक्रेटरी आले. त्यांना घरमालकाकडून कळलं होतं. माणूस वाईट नाही, पण हळहळ कुठे ठेवावी ते कळेना म्हणून मुलीवर ठेवली. "बेटा, मी तेव्हाच म्हणत होतो. ही नवी भाषा-बिषा ऑफिसात ठीक आहे. इथे मरणाचं काम आहे. जुन्यात लिहायचं होतंस, नाहीतर वही होतीच की. वही कधी फसली नाही."

मुलगी म्हणाली, "तपासते, काका."

मी समोर बसलो होतो. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. हे लिहिताना कान तापतात, पण लिहितो. उलट मी मान हलवली. ते ‘वही फसली नाही’ म्हणाले तेव्हा माझी मान होकारार्थी हलली.

ते गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला. ॲप बंद पडलं की त्याची नोंद तिच्याकडे येते, फक्त तिने दोन दिवस पाहिली नव्हती. सहा वाजून चाळीस मिनिटं. ओळ दोनशे चौदा. तिने ती ओळ उघडून माझ्याकडे वळवली. वर तिचीच मराठी ओळ, ‘बाबा म्हणतात, असतंच.’ खाली ती दोन चिन्हं.

"काकांचा रकाना रिकामा होता?"

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, एकही नाही."

"म्हणालो होतो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाली, "मी एकदा बघायला हवं होतं. एका मिनिटाचं काम होतं." माझी चूक तिने उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. भाषेने तिला अडवलं होतं, तिने मला अडवलं होतं, आणि मी दोघींना गप्प केलं होतं. आता दोष भाषेला, आणि भाषेमागून तिला.

मी म्हणालो, "ती चिन्हं पुसायचं बटन कुठलं? मला दाखव."

तिने दाखवलं. मी एका बोटाने दोन्ही पुसली. त्याबरोबर ओळीखाली लाल रेघ आली, आणि मग खाली आणखी, आणखी. जिथे जिथे जवळच्या माणसाचा उल्लेख होता तिथे तिथे. सात ठिकाणी. भाषा पुन्हा विचारायला लागली होती, जे पहिल्या दिवसापासून विचारत होती.

मुलगी एकेका रेघेवर थांबून विचारायची, "इथे कोणी नसेल तर?"

"माझा नंबर."

"इथे?"

"माझाच."

सातव्या ठिकाणी तिचा हात थांबला. "आणि तुम्ही नसाल तर, बाबा?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. तिने स्वतःच काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही. पंखा भणभणायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली आणि मंडळाच्या ग्रुपवर एका बोटाने लिहिलं. अर्धा तास लागला. ‘चूक मुलीची नाही. भाषेची नाही. रकाना मी रिकामा ठेवला आणि भरला असं खोटं सांगितलं. सेक्रेटरींसमोर गप्प बसलो तेही वाचा. आठ वाजता अस्थींना जातो आहे.’ पाठवून मोबाइल घरीच ठेवला.

मुलगी म्हणाली, मी येते. आमच्यात बायकांना नेत नाहीत. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

स्मशानातल्या मुन्शीने रजिस्टर पुढे केलं. त्या दिवसाच्या ओळीत घरमालकाची सही होती, नात्याच्या रकान्यात रेघ मारलेली. अस्थी घेणाऱ्याची ओळ खाली, रिकामी.

"मृतक से रिश्ता?" त्याने विचारलं.

मी पेन घेतलं, माझं नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘जवळचा माणूस’.

त्याने वाकून वाचलं. "ये क्या लिखा है? भाई, दोस्त, कुछ तो लिखो ताऊ।"

"जो लिखा है, सही है. यही रहेगा."

त्याने खांदे उडवले आणि मडकं आणून दिलं. वर लाल फडकं बांधलेलं, सैल. मी गाठ सोडून पुन्हा बांधली, घट्ट. हात थरथरला.

ऑटोत मडकं माझ्या मांडीवर होतं. पुलापाशी मी ऑटोवाल्याला थांबवलं. तो म्हणाला, यहाँ क्या है? मी उतरलो, पिंपळाखाली गमछा पसरला आणि मडकं त्यावर ठेवलं. गाडीतून नेलं तेव्हा त्याला विसावा मिळाला नव्हता. ट्रक जात होते, धूळ येत होती. मी जरा वेळ उभा राहिलो. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकायला गेलो, तेवढ्यात मुलगी पुढे झाली.

म्हणाली, "विसाव्याला खांदा बदलतात ना, बाबा?"

मी बाजूला झालो. तिने उचललं.